अँकरचा कॅराबिनर अडकतो, सुटतो, खाचतो: जाड पोलादी घेण्याआधी दुखणं ओळखा

भिवपुरीच्या धबधब्यावर संध्याकाळी सगळी बॅच दोरावरून खाली उतरली की वर आम्ही तिघंच उरतो. दोर ओढून घ्यायचे, अँकर, म्हणजे कातळाला बांधलेला दोराचा आधार, सोडायचा आणि अंधार पडायच्या आत वाट धरायची. नेमका तेव्हाच मुख्य कॅराबिनरचा स्क्रू हटून बसतो. कॅराबिनर म्हणजे दोर अँकरला जोडणारी धातूची कडी. तिची उघडणारी बाजू म्हणजे गेट, आणि ते बंद ठेवायला त्यावर फिरवून लावायची नळी म्हणजे स्क्रू. एकदा आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "दादा, हा हलतच नाहीये," आणि त्याने शेजारचा दगड उचलला. मी त्याचा हात धरला. मी स्वतः दुसऱ्या अँकरला बांधलेला होतोच. त्या अडकलेल्या कॅराबिनरमधल्या स्लिंगमध्ये, म्हणजे पट्ट्याच्या फाशात, पाय घातला, पूर्ण वजन टाकलं आणि त्याला म्हटलं, आता फिरव. दोन बोटांनी स्क्रू फिरला.

दर पावसाळ्यानंतर मला एकच प्रश्न वेगवेगळ्या ग्रुपमधून येतो. आमचे अँकरचे कॅराबिनर टिकत नाहीत, आता ५० किलोन्यूटन ताकदीचे पोलादी घेऊ का? घ्या. पोलादी घेणं बहुतेक वेळा बरोबरच ठरतं. पण ते ५० च्या आकड्यासाठी घेत असाल तर थोडं थांबा. अडकणं, आपोआप उघडणं, खाच पडणं आणि गंज ही चार वेगळी दुखणी आहेत, आणि पोलादाने त्यातलं एकच नीट बरं होतं. गंजाच्या बाबतीत तर ते नवं दुखणं घेऊन येतं.

स्क्रू अडकतो

कॅराबिनरवर भार आला की त्याची चौकट किंचित ताणली जाते. डोळ्याला दिसणार नाही इतकीच, पण ताणली जाते. त्या ताणलेल्या अवस्थेत कुणी स्क्रू शेवटपर्यंत आवळला, तर भार निघाल्यावर चौकट आखडते आणि स्लीव्ह, म्हणजे स्क्रूची फिरणारी नळी, तिच्यात पाचरीसारखी बसते. मग पक्कड लावा नाहीतर दगड, ती हलत नाही. परत तेवढाच भार दिला की जागा मोकळी होते आणि स्क्रू बोटाने फिरतो. उपाय एवढाच आहे.

पण भार असताना आवळतं कोण? आपलीच काळजी करणारी माणसं. सकाळी अँकर लावणारा स्क्रू बंद करतो. तासाभराने दुसरा लीडर तपासायला येतो, खाली माणूस लटकलेला असतो, तो स्क्रूला हात लावतो आणि खात्रीसाठी अजून थोडा आवळतो. तिसराही तेच करतो. तिघांनीही जबाबदारीने वागायचा प्रयत्न केलेला असतो, आणि संध्याकाळी स्क्रू हटून बसतो. म्हणून आमच्याकडे एक सवय लावली आहे: तपासताना स्क्रू फिरवायचा नाही, गेट दाबून बघायचं. चिमटीत धरून दाबायचं. उघडलं नाही म्हणजे बंद आहे. स्क्रू हलका लागला तर भार निघेपर्यंत थांबायचं आणि मग बोटाच्या जोराने बंद करायचा, मनगटाच्या जोराने नाही.

एवढं करूनही अडकत असेल तर स्लीव्हच्या आट्यांत माती आहे. कोमट पाणी, साधा साबण आणि जुना टूथब्रश घ्या. गेटची बिजागरीसुद्धा घासा, कारण धबधब्याचा बारीक गाळ तिथेच जाऊन बसतो. पूर्ण वाळल्यावर मेणाचं किंवा ग्रॅफाइटचं कोरडं वंगण थोडंसं लावा आणि जास्तीचं पुसून टाका. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल लावू नका. त्या दिवशी गेट छान फिरतं, पण पुढच्या रविवारी तेच तेल माती धरून बसतं आणि दोरालाही लागतं.

स्क्रू आपोआप उघडतो

याची भीती अडकण्यापेक्षा जास्त बाळगावी. अडकलेला स्क्रू वेळ खातो, उघडलेला स्क्रू माणूस खाऊ शकतो.

कारण बहुधा लावण्याच्या पद्धतीत सापडतं. दोर हलताना स्लीव्हवर घासला की ती हळूहळू फिरते, कातळावर टेकलेली स्लीव्हही हादऱ्याने फिरते. कॅराबिनर असा टांगा की बिजागरी वर आणि गेट उघडण्याचं टोक खाली येईल. मग बंद होण्याची दिशाच खालची होते, आणि स्लीव्ह सरकलीच तर बंद होण्याकडे सरकते. गेटची बाजू कातळापासून दूर, मोकळ्या हवेकडे ठेवा. दोर मोठ्या, रुंद टोकात बसू द्या.

टॉप रोपच्या, म्हणजे वरच्या अँकरमधून खाली आलेल्या दोरावर चढतात तिथल्या, मुख्य जागी मी कधीच एक कॅराबिनर ठेवत नाही. दोन ठेवतो, सारख्या आकाराचे, एकाचं गेट डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे. दोन असले की दोराला वळणही रुंद मिळतं. दोघांचा आकार वेगळा असेल तर एकच भार घेतो आणि दुसरा नुसता सोबतीला राहतो, म्हणून घेताना जोडीनेच घ्या.

आपोआप बंद होणारं गेट घ्यावं का, हा पुढचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे. पावसाळी धबधबा, चिखल, वाळू असेल तिथे अँकरवर साधा स्क्रू घ्या. आपोआप बंद होणाऱ्या स्लीव्हच्या आत स्प्रिंग असते, तिच्यात चार कण गेले की गेट अर्ध्यावर थांबतं, आणि बाहेरून ते बंदच वाटतं. कृत्रिम भिंतीवर, छपराखाली, जिथे शंभर हात रोज तोच कॅराबिनर लावतात, तिथे मात्र तीन हालचालींनी उघडणारं गेट जास्त चांगलं, कारण तिथे माणूस स्क्रू लावायला विसरण्याचा धोका मातीपेक्षा मोठा असतो. नवख्या माणसाच्या हार्नेसवरही मी तेच लावतो.

खाच पडते

पोलाद कामाला येतं ते इथे.

रविवारी चाळीस जणांची बॅच टॉप रोपवर चढवा. प्रत्येक जण चढताना आणि उतरताना दोर त्याच दोन बोटांएवढ्या जागेवरून सरकतो. दोरात सह्याद्रीच्या काळ्या कातळाची बारीक भुकटी आणि वाटेवरची माती भरलेली असते. असा दोर म्हणजे लांबच लांब पॉलिश पेपर. अॅल्युमिनियम त्याच्यापुढे मऊ पडतं. दिवसाच्या शेवटी दोर गुंडाळताना तळहात काळेकुट्ट होतात ना, त्यात कॅराबिनरचं झिजलेलं अॅल्युमिनियमच असतं. पोलाद बरंच कठीण असतं, त्यामुळे तीच झीज कितीतरी हळू होते.

खाचेने कॅराबिनर लगेच मोडत नाही. भीती वेगळी आहे. दोर खाचेत बसून खाच खोल करत जातो आणि तिच्या दोन्ही कडांना धार येते. अशा धारदार खाचेने दोर कापला गेल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. कडेवरून नख फिरवा, नख अडकलं पाहिजेच असं नाही, पण धार जाणवते. मी एक घरगुती उपाय करतो: कापसाचा बोळा खाचेच्या दोन्ही कडांवरून ओढतो. एक तंतू जरी अडकून राहिला तरी तो कॅराबिनर दोराच्या कामातून बाद. खोली मोजायला व्हर्नियर वापरा. न झिजलेल्या भागाची जाडी आधी मोजा आणि मग खाचेतली. फरक १ मिलिमीटरपर्यंत आला की आमच्याकडे तो निवृत्त होतो. पोलादाचा असला तरी नियम तोच.

मग सगळेच कॅराबिनर पोलादी घ्यायचे का? नको. दोर जिथे भाराखाली सरकतो तिथेच पोलाद हवं: टॉप रोपचा मुख्य कॅराबिनर, वरून माणूस खाली सोडताना दोर वळतो तो, व्हॅली क्रॉसिंगमध्ये, म्हणजे दरीवर ताणलेल्या दोरावरून पलीकडे जाताना, रोज कामाला येणारे. रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, दोर अँकरला गाठीने बांधलेला असेल तर तो तिथे सरकतच नाही, झीज खाली डिसेंडरवर, म्हणजे उतरण्याच्या उपकरणावर, होते. तिथे अँकरवर चांगला अॅल्युमिनियमचा कॅराबिनर चालतो. एका मोठ्या पोलादी कॅराबिनरचं वजन २०० ते २७० ग्रॅमच्या आसपास जातं, अॅल्युमिनियमचा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. लिंगाण्यासारख्या ठिकाणी सगळं सामान पाठीवर चढवताना हा फरक खांद्याला कळतो.

वजनाचा दुसरा धोका खालच्या माणसांना आहे. शंभर फुटांवरून सुटलेली वस्तू हवेचा अडथळा सोडला तर ताशी ८५ किलोमीटरच्या वर वेगाने खाली येते. पाव किलो पोलाद त्या वेगाने हेल्मेटवर आलं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. म्हणून पोलादी कॅराबिनर हातात सुटा घेऊन कड्याच्या टोकाशी जाऊ नका. आधी तो कशाला तरी अडकवा, मगच टोकाशी जा.

कातळातल्या बोल्टच्या हँगरमध्ये, म्हणजे भोक असलेल्या धातूच्या पट्टीत, जाणारा कॅराबिनर आणि दोराचा कॅराबिनर कधीही अदलाबदल करू नका. हँगरची पातळ पट्टी कॅराबिनरच्या आतल्या बाजूला बारीक टोचे पाडते. तोच पुढच्या आठवड्यात दोराच्या जागी आला की ते टोचे दोराचं आवरण सोलतात. आम्ही बोल्टकडच्यांना लाल टेप लावतो आणि दोराकडच्यांना पिवळी. टेप मधल्या सरळ दांड्यावर लावायची, दोर बसतो तिथे नाही.

आकडा वाचायचा कसा

गिर्यारोहणाच्या कॅराबिनरच्या दांड्यावर तीन आकडे असतात. पहिला लांबीच्या दिशेचा, गेट बंद असताना. दुसरा आडव्या दिशेचा. तिसरा गेट उघडं असताना लांबीच्या दिशेचा. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोचा भार. दुकानदार फक्त पहिला आकडा सांगतो, आणि आपणही तोच ऐकतो.

गिर्यारोहणाच्या कॅराबिनरसाठी युरोपचं मानक आहे ईएन १२२७५. त्यात नाशपतीच्या आकाराच्या, म्हणजे एचएमएस प्रकाराच्या कॅराबिनरला किमान २०, ७ आणि ६ किलोन्यूटन लागतात. अमेरिकेतल्या बचावपथकांच्या एनएफपीए मानकात दोन वर्ग आहेत: तांत्रिक वापराचा २२ चा आणि सर्वसाधारण वापराचा ४० चा. ४० च्या वर्गातही आडव्या दिशेला आणि उघड्या गेटला किमान ११ च मागितले आहेत. ४० आणि ११ यांतलं अंतर बघा. जाडजूड पोलादी कॅराबिनर आडवा पडला किंवा त्याचं गेट उघडं राहिलं की त्याची ताकद एवढी खाली येऊ शकते.

आता प्रत्यक्ष भार बघू. ८० किलोचा माणूस टॉप रोपवर लटकला की वरच्या कॅराबिनरवर एका बाजूने त्याचं वजन येतं आणि दुसऱ्या बाजूने बिले देणाऱ्याची, म्हणजे दोर धरून त्याला सांभाळणाऱ्याची, ओढ. घर्षण बरंच खाऊन टाकतं, म्हणून एकूण भार दुपटीपेक्षा कमी राहतो, साधारण सव्वा ते दीड किलोन्यूटन. झटका बसला तर वाढतो, पण सरळ लावलेल्या २२ च्या कॅराबिनरला तो कुठेच जड नाही. ५० च्या आकड्याने तुम्हाला इथे जास्तीचं काहीच मिळत नाही. पोलाद झिजेसाठी घ्यायचं, आणि खरेदी करताना दुसरा आणि तिसरा आकडा वाचायचा.

आडवा भार येतो कुठून? आपल्याकडे दोन ठिकाणांहून हमखास येतो. एक, कड्याचं टोक. पठारावर बोल्ट मागे असतात, स्लिंग अपुरी पडते, आणि कॅराबिनर बरोबर कातळाच्या ओठावर येऊन वाकतो. दांडा दगडावर टेकलेला, अर्धा खाली लोंबणारा. असा तरफेसारखा भार कुठल्याच आकड्यात मोजलेला नसतो. स्टॅटिक रोपने, म्हणजे फारसा न ताणला जाणाऱ्या दोराने, अँकर दोनतीन फूट पुढे वाढवा, म्हणजे कॅराबिनर ओठाच्या खाली मोकळा लोंबेल, आणि ओठावर दोराखाली जाड गोणपाट घाला. आमच्याकडे वाकलेलं गेट म्हणून जे कॅराबिनर परत आले, ते जवळजवळ सगळे ओठावर टेकलेले होते.

दुसरं ठिकाण म्हणजे तीन बाजूंची ओढ. दोन बोल्टच्या दोन रुंद टेप, म्हणजे विणलेल्या पट्ट्या, एकाच कॅराबिनरमध्ये फाकवून घालतात आणि खाली दोर. कॅराबिनर तीन दिशांना ताणला जातो आणि गेटवरही भार येतो. टेपना एकत्र आठाची गाठ मारा, त्या गाठीच्या फाशात कॅराबिनर लावा, मग ओढ एकाच दिशेची होते. दोन टेपमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. ६० अंशांवर प्रत्येक बोल्टला एकूण भाराचे सुमारे ५८ टक्के जातात, ९० वर ७१, आणि १२० वर पूर्ण भार प्रत्येकाला. रुंद टेपच वापरायची असेल तर इंग्रजी डी आकाराऐवजी रुंद तोंडाचा घ्या, कारण डी च्या अरुंद कोपऱ्यात टेप चुरगळते. दोर किंवा बारीक स्लिंग असेल तर डी उत्तम, तो भार सरळ दांड्याकडे ढकलतो.

दुकानात गेलात की तुमचा ११ मिलिमीटरचा दोर आणि एक हँगर सोबत न्या. पोलादी कॅराबिनर बाहेरून मोठे दिसतात, पण गेटची फट लहान निघू शकते. आठाची गाठ मारलेला दोर आत जातो का, कॅराबिनरचं नाक, म्हणजे गेट येऊन बसतं ते टोक, हँगरच्या भोकातून निघतं का, हातमोजे घालून स्क्रू फिरतो का, हे तिथेच बघा. नाकाला आकडी नसलेलं, सपाट खाचेत बसणारं गेट घ्या. आकडीवालं काढताना स्लिंगमध्ये अडकतं.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा चमकता हुक मात्र नको, कितीही जाड असला तरी. त्यावर नुसतं किलोंत वजन लिहिलेलं असेल, उत्पादकाचं नाव, मानकाचा क्रमांक आणि लॉट नंबर नसेल, तर तो सामान उचलायचा हुक आहे. उंचीवरच्या कामगारांसाठीचे ईएन ३६२ चे पोलादी कॅराबिनर असतात, ते मजबूत आणि स्वस्त पडतात आणि टॉप रोपच्या अँकरवर मी ते वापरतो. त्यांच्यावर उघड्या गेटचा आकडा कित्येकदा नसतो, तेव्हा लीड क्लाइंबिंगला, म्हणजे खालून दोर घेऊन वाटेत अडकवत चढताना, ते घेऊन जाऊ नका.

गंज

बहुतेक पोलादी कॅराबिनरवर जस्ताचा मुलामा असतो. दोराने तो पहिल्यांदा घासला जातो तो नेमका दोर बसतो तिथेच, आणि पहिल्या पावसात तिथे नारिंगी डाग उठतो. वरवरची लाली फडक्याने निघते, ती चालते. फडक्यानंतर खड्डे दिसले, खरखर लागली किंवा बिजागरीची पिन सुजल्यासारखी दिसली, तर तो काढून टाका. स्टेनलेसचा पर्याय आहे, महाग पडतो, पण समुद्राजवळ सराव करणाऱ्यांनी तो विचारात घ्यावा. खारी हवा स्टेनलेसलाही कायमची सोडत नाही, म्हणून घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं चुकवू नका.

अॅल्युमिनियमचे कॅराबिनर पोलादी हँगरवर पावसाळाभर टांगून ठेवायची एक पद्धत काही सुळक्यांवर दिसते, पुढच्यांना सोपं जावं म्हणून. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, म्हणजे अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसली की समजा. अशा सापडलेल्या कॅराबिनरवर स्वतःचा भार टाकू नका, आपला नवा लावा.

धुतल्यावर सावलीत, स्क्रू पूर्ण उघडे ठेवून टांगा. ओल्या दोराबरोबर सॅकमध्ये कोंबलेलं सामान चार दिवस तसंच राहिलं तर त्याला गंज लवकर धरतो. प्रत्येकावर क्रमांक टाका आणि वहीत खरेदीची तारीख, बॅचची संख्या आणि व्हर्नियरचं माप लिहा. क्रमांक कोरून टाकू नका, रंगाने किंवा टेपवर लिहा.

बाद झालेला कॅराबिनर तसाच भंगारात देऊ नका. एका वर्षी आम्ही बाजूला काढलेला एक कॅराबिनर दुसऱ्या दिवशी कुणीतरी साफ करून, "चांगला तर आहे" म्हणून परत पेटीत ठेवला होता. तेव्हापासून व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने दांडा आरपार कापतो, आणि मगच दोन तुकडे भंगारवाल्याकडे जातात.